शेवटची बस किती वाजता?

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न. तुमच्या घराजवळच्या थांब्यावरून शेवटची बस किती वाजता सुटते? दारात स्कूटी उभी असणाऱ्या बऱ्याच जणींना हे सांगता येणार नाही. पण गांधीनगरच्या कापड दुकानात दिवसभर उभ्यानं साड्या उलगडणारीला विचारा, गोकुळ शिरगावच्या कारखान्यात जाणारीला विचारा, राजारामपुरीत चार घरची धुणीभांडी करून पाचगावला परतणाऱ्या मावशींना विचारा. झोपेतून उठवून विचारलंत तरी मिनिटासकट सांगतील. त्यांचा सगळा दिवस त्या एका बसवर बेतलेला असतो. मालकानं दहा मिनिटं जास्त थांबवून घेतलं आणि बस गेली, की मग वडाप. तेही भरून गेलं की रिक्षा. आणि रिक्षा म्हणजे त्या दिवसाच्या कमाईचा लचकाच!

प्रवासातल्या बाईचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं तिकिटावर येऊन थांबतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. फार चांगलं झालं. तेव्हापासून 'आता एसटीत सगळ्या बायकाच!' असा टोमणाही ऐकू येतो. मला त्याची गंमत वाटते. या बायका काय एका रात्रीत आकाशातून पडल्या? त्यांना आधीही माहेरी जायचं होतं, दवाखान्यात जायचं होतं, अंबाबाईला यायचं होतं. तिकिटाचे पैसे मागायला जीव कचरायचा, एवढंच.

शेजारी निपाणीच्या बायकांना तर ११ जून २०२३ पासून कर्नाटकाच्या हद्दीत सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट झाला. तमिळनाडूत २०२१ मध्ये, दिल्लीत २०१९ मध्येच तशी सोय झाली होती. बायकांना फुकट दिलं की त्या भटकत बसतील, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण एसटीचं अर्धं तिकीट आपल्याला कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडपर्यंत आणून सोडतं. तिथून पुढं शहरात फिरायचं ते केएमटीनं. केएमटी महापालिकेची. एसटीची सवलत तिला काही आपोआप लागू होत नाही. आणि समजा, केएमटीही उद्या फुकट झाली, पण बसच आली नाही, तर त्या फुकट तिकिटाचं काय लोणचं घालायचं?

बसच्या वेळा ठरवताना डोळ्यासमोर कोण असतं? सकाळी दहाला ऑफिसात जाणारा आणि सहाला परतणारा माणूस. बाईचं जाणं-येणं असं सरळ कुठं असतं? सकाळी पोराला शाळेत सोडायचं, तिथून सासूबाईंना सीपीआरला न्यायचं, केसपेपरच्या रांगेत दोन तास काढायचे, येताना कपिलतीर्थात भाजी घ्यायची, एकला परत शाळेच्या दारात. चार ठिकाणं, चार तिकिटं, हातात पिशव्या आणि एका हाताला म्हातारं माणूस. हे सगळं भर दुपारी, बस विरळ असतात तेव्हा. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात १९९९ मध्ये लोकांना त्यांच्या रोजच्या प्रवासाबद्दल लिहून द्यायला सांगितलं होतं. पुरुषांचं उत्तर चटकन संपलं, कामावर जातो आणि परत येतो. बायका मात्र लिहीतच बसल्या! तिथल्या कारभाऱ्यांनी मग पदपथ रुंद केले, रस्त्यावरचे दिवे वाढवले. आपल्याला असा कागद कोणी दिला, तर पाठपोट भरेल आणि पुरवणी मागावी लागेल.

कोल्हापुरात याला आणखी एक पदर आहे, हद्दवाढीचा. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, पण पुढची पन्नास वर्षं शहराची हद्द होती तिथंच राहिली. शहर काही हद्दीत राहिलं नाही. ते उचगाव, पाचगाव, कळंब्याकडं केव्हाच सरकलं. या गावांतून माणसं शहरात कामाला येतात आणि केएमटी त्यांना आणते. हद्दवाढीचा वाद पेटला, गावांनी विरोध केला, की इकडून हमखास मागणी होते: 'त्या गावांची केएमटी बंद करा!' हद्दवाढ व्हावी की न व्हावी, याची कारणं दोन्हीकडं आहेत आणि त्यावर भांडायला जाणती माणसंही आहेत. पण भांडण पुढाऱ्यांचं आणि नाक दाबायचं ते बसथांब्यावर उभ्या असलेल्या बाईचं, हा कुठला न्याय? बस बंद झाली तर सरपंचाची चारचाकी थोडीच थांबणार आहे? अकरावीतली पोर थांबेल. 'वडापात दाटीवाटीनं बसून जायचं असलं तर नको ते कॉलेज,' असं घरात कोणीतरी म्हणेल आणि विषय संपेल. २०२१-२२ च्या एसटी संपात मुलींचे पास महिनोन् महिने घरात पडून होते, ते आठवून बघा.

तोट्याचं रडगाणं मला ठाऊक आहे. बस तोट्यात आहे, डिझेल परवडत नाही, गाड्या जुन्या झाल्या. खरं आहे सगळं. पण रस्त्यावरचा दिवा महिन्याला किती कमावतो, असं कोणी विचारतं का?

आणि अंधाराचं म्हणाल तर १६ डिसेंबर २०१२ ची दिल्लीतली रात्र आपण कोणीच विसरलेलो नाही. ती मुलगी आणि तिचा मित्र सिनेमा बघून घरी निघाले होते. समोर येऊन थांबलेल्या एका खासगी बसमध्ये ते चढले. त्यानंतर कायदे कडक झाले, फाशीही झाली. पण रात्री घरी परतायला भरवशाची सरकारी बस हवी, ही साधी गोष्ट लहान शहरांपर्यंत पोचलीच नाही. आपल्याकडं अजूनही पोरीलाच सांगतात, 'लवकर घरी ये.' बसला कोणी सांगत नाही, उशिरापर्यंत थांब म्हणून!

केएमटीला हे जमत नाही, असं मात्र नाही. नवरात्रात नवदुर्गा दर्शनाची खास बस सुटते. आपल्यापैकी कितीतरी जणी भिशीच्या किंवा गल्लीच्या मैत्रिणींबरोबर तीत बसल्या असतील. कुठल्या देवळापासून कुठल्या देवळाला जायचं, कुठं किती वेळ थांबायचं, सगळं बायकांच्या सोयीनं आखलेलं असतं. नऊ दिवस जे आखता येतं, ते दसऱ्यानंतर का आखता येऊ नये? दुकानं सुटल्यावर अर्ध्या तासानं गांधीनगरहून एक बस, पाळी सुटल्यावर शिरोलीहून एक, दुपारी सीपीआरवरून जाणाऱ्या दोन फेऱ्या जास्त.

केंद्र सरकारनं २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ई-बस योजनेत कोल्हापूरला शंभर बस मंजूर झाल्या. गारेगार असतील, आवाज करणार नाहीत, छान दिसतील. त्या कुठल्या मार्गावर आणि किती वाजेपर्यंत धावाव्यात, हे ठरवताना बायकांना कोणी विचारलंय? नोव्हेंबर २०२० नंतर पाच वर्षं तर महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. प्रशासकाला जाऊन कोण सांगणार? पण नगरसेवकांच्या निम्म्या जागा कायद्यानं बायकांच्या आहेत. हळदीकुंकवाला बोलावतात, वाणही देतात, तेव्हा वाण घेता घेता विचारायला काय हरकत आहे? 'ताई, आमच्या थांब्यावर पहिली आणि शेवटची बस कधी, याची पाटी कधी लावताय?'

तुमच्या थांब्यावर अशी पाटी आहे का, आणि असली तर त्यावरची वेळ पाळली जाते का, तेवढं मला नक्की कळवा.