डॉक्युमेंटेशन ऐच्छिक, पण कोणासाठी?

डेबियनसाठी पॅकेज बांधताना मूळ सॉफ्टवेअरसोबत आलेल्या एचटीएमएल पुस्तिका, पीडीएफ आणि उदाहरणांच्या फायलींचे काय करायचे, हा प्रश्न हमखास येतो. डेबियनच्या धोरणानुसार '/यूएसआर/शेअर/डॉक' मधली कोणतीही फाइल नसतानाही प्रोग्राम चाललाच पाहिजे. यावरून एक पक्ष म्हणतो की या फायली घेऊच नयेत. त्या जागा अडवतात आणि सगळे इंटरनेटवर आहेच.

जागेची तक्रार खरी आहे, इंटरनेटचा दाखला मात्र टिकत नाही. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर बहुधा ताज्या आवृत्तीची माहिती ठळकपणे दिसते. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये आवृत्त्या गोठवलेल्या आहेत. वेबवर वाचलेला पर्याय त्या यंत्रावरच्या प्रोग्रामला ठाऊकही नसतो. बंदिस्त जाळ्यातल्या सर्व्हरवर तर वेबच नसते.

दुसरा पक्ष म्हणतो, पॅकेजमध्ये सगळे घाला, ज्याला नको तो बसवताना गाळेल. पॅकेजे बसवणाऱ्या डीपीकेजीच्या 'पाथ-एक्सक्लूड' ने ते करता येते आणि डेबियनच्या 'स्लिम' कंटेनर इमेज तशाच बनतात. पण ही छाटणी पॅकेजच्या नकळत होते. मॅन पेजची डिरेक्टरीच नसल्याने 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' ला दुवा जोडता येईना आणि जावा बसवणेच अडे, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. शिवाय नियम काढला म्हणून गाळलेल्या फायली परतत नाहीत. पॅकेजे पुन्हा बसवावी लागतात. परवान्याची 'कॉपीराइट' फाइलही '/यूएसआर/शेअर/डॉक' मध्येच असते, म्हणून तिच्यासाठी वेगळा अपवाद लिहावा लागतो.

म्हणून ही विभागणी पॅकेज बांधणाऱ्यानेच करावी. मॅन पेज आणि परवाना प्रोग्रामसोबत राहावेत. जाडजूड पुस्तिका '-डॉक' पॅकेजमध्ये जाव्यात आणि मुख्य पॅकेजाने त्याची केवळ शिफारस करावी. असे पॅकेज सर्व प्रोसेसरांसाठी एकच असते, त्यामुळे आर्काइव्हमध्येही प्रत एकच लागते. अल्पाइन लिनक्स मॅन पेजही '-डॉक' मध्ये टाकते. तिथे 'डॉक्स' हे एक पॅकेज घेतले की बसवलेल्या प्रोग्रामांची डॉक्युमेंटेशन पॅकेजे आपोआप येतात. निवड वापरणाऱ्याच्या हाती ठेवण्याची ही रीत उत्तम आहे.

पुस्तिका न बांधण्याचे एक कारण मात्र रास्त आहे. त्यांच्यासाठी टेक किंवा स्फिंक्ससारखी अवजड साधने लागतात. नव्या प्रोसेसरसाठी डेबियन शून्यातून उभारताना ती साधनेच अजून तयार नसतात. पुस्तिका वगळणारा 'नोडॉक' हा बिल्ड प्रोफाइल अशा वेळी उपयोगी पडतो. नेहमीच्या प्रकाशनात त्याचा आधार घेऊन पुस्तिका टाळणे समर्थनीय नाही.