रेपो दराची गाडी जेऊरला थांबत नाही

७ फेब्रुवारी २०२५ रोजी भारतीय रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वासहा टक्क्यांवर आणला. जवळजवळ पाच वर्षांनंतरची ही पहिली कपात होती. एप्रिलमध्ये तो सहा टक्के झाला, जूनमध्ये साडेपाच आणि डिसेंबरमध्ये सव्वापाच. एका वर्षात सव्वा टक्का व्याज उतरले, याचे अर्थतज्ज्ञांनी आणि वृत्तपत्रांनी स्वागत केले. ते रास्तही होते. पुण्यात गृहकर्ज घेतलेल्या नोकरदाराचा हप्ता हलका झाला, उद्योगांना दिलासा मिळाला. परंतु याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील जेऊरच्या शेतकऱ्याला काय मिळाले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे करमाळा तालुक्यातील स्थानक. अनेक जलद गाड्या तेथे न थांबताच पुढे निघून जातात. एका अंगाला उजनी जलाशयाचे पाणी, त्यावर पोसलेला ऊस आणि परदेशी जाऊ लागलेली केळी. दुसऱ्या अंगाला पावसाच्या भरवशावरची ज्वारी. या दोन्ही प्रकारच्या शेतीला दरवर्षी पैसा लागतो आणि तो पेरणीच्या आधी लागतो. तो येतो कोठून? परंपरेने गावच्या विकास सोसायटीकडून. सोसायटीला जिल्हा मध्यवर्ती बँक देते, जिल्हा बँकेला राज्य सहकारी बँक आणि तिला नाबार्डचे पुनर्वित्त. मुंबईहून निघालेला रुपया इतकी स्थानके घेत येतो आणि प्रत्येक स्थानकावर आपले थोडे व्याज सोडतो.

रिझर्व्ह बँक बँकांना अल्प मुदतीसाठी ज्या दराने पैसा देते, तो रेपो दर. तो उतरला म्हणजे कर्जदाराचे व्याज आपोआप उतरावे, यासाठी १ ऑक्टोबर २०१९ पासून एक चांगला नियम आला. व्यापारी बँकांनी गृहकर्ज, वाहनकर्ज आणि लघुउद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जे बाहेरच्या मापदंडाशी जोडावीत आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दराचा फेरआढावा घ्यावा, असा तो नियम आहे. सहकारी बँका या नियमाच्या बाहेर आहेत आणि पीककर्जही बाहेर आहे. पीककर्जाचा दर केंद्राच्या व्याजसवलत योजनेने सात टक्क्यांवर बांधलेला; वेळेवर फेड केली तर आणखी तीन टक्के सवलत मिळते, राज्य सरकार उरलेलाही भार उचलते. ही सरकारची कृपा झाली, चलनधोरणाचा लाभ नव्हे. ठिबक संच, विहिरीवरचा पंप, केळीची रोपे यांसाठी सोसायटीकडून मध्यम मुदतीचे कर्ज घेणाऱ्याच्या वाट्याला ही कृपाही येत नाही आणि रेपोची कपातही नाही.

सवलतीचे गणित तरी पाहावे. ती मिळते ठरलेल्या मुदतीत फेड करणाऱ्याला. आडसाली ऊस शेतात सोळा ते अठरा महिने उभा असतो. तोड झाल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. कारखाना तो नेहमी पाळतोच असे नाही. सोसायटीचे कर्ज ऊसबिलातून कापून घेतले जाते. बिल लांबले की कपात लांबते, कपात लांबली की मुदत टळते, मुदत टळली की तीन टक्के सवलत जाते आणि थकबाकीदार म्हणून नाव शेतकऱ्याचे लागते. विलंब कारखान्याचा, दंड शेतकऱ्याला, असा हा न्याय!

सोलापूर जिल्ह्याला कर्जाचा इतिहास नवा नाही. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. त्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि तो पुणे, सातारा, अहमदनगर यांच्याबरोबर सोलापूर जिल्ह्यालाही लागू झाला. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे हाच अनुभव होता. पुढे १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली, तेव्हा तिच्या कायद्यातच शेतीकर्जासाठी स्वतंत्र विभाग ठेवण्याची तरतूद होती. इतर देशांच्या मध्यवर्ती बँकांपुढे जे काम नव्हते, ते या देशाच्या परिस्थितीने तिच्यावर सोपवले. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण पतपाहणीने दाखवून दिले की शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे. ती पाहणीही रिझर्व्ह बँकेनेच करविली होती. म्हणजे त्या काळी मुंबईच्या त्या इमारतीला खेड्याचा हिशेब ठाऊक होता.

नंतर तो हिशेब दूर गेला. १९८२ मध्ये नाबार्ड स्थापन झाली आणि शेतीकर्जाचे काम तिच्याकडे गेले. नाबार्डमधील आपला अखेरचा हिस्साही रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये केंद्र सरकारला दिला. मध्यवर्ती बँकेकडे उरली ती देखरेख, म्हणजे छडी.

ती छडी चालली, यात चूक नाही. मे २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या जिल्हा बँकांची अवस्था अशी झाली की २०१४ मध्ये केंद्राला त्यांच्यासाठी पुनरुज्जीवन योजना आणावी लागली. मे २०१८ मध्ये सोलापूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचे संचालक मंडळही गेले आणि प्रशासक आला. सहकार म्हणून उभ्या राहिलेल्या संस्था काही घराण्यांच्या तिजोऱ्या झाल्या, ज्यांनी कर्ज मंजूर करायचे त्यांचेच हितसंबंध कर्ज घेणाऱ्या संस्थांत गुंतले, हे महाराष्ट्र उघड्या डोळ्यांनी पाहत होता. पक्षाचे रंग निरनिराळे होते, वृत्ती एकच. मात्र कारवाई होते ती गाडा रुतल्यानंतर. तोवर ठेवी गुंतलेल्या असतात, नवे पीककर्ज आटलेले असते आणि सामान्य सभासदाला पेरणीच्या तोंडावर दुसरे दार शोधावे लागते.

नोटाबंदीचा अनुभवही याच जातीचा. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास आणि बदलून देण्यास मनाई झाली. गैरव्यवहाराची शंका अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. पण रब्बीच्या ऐन दिवसांत ज्याचे एकमेव खाते जिल्हा बँकेत होते, त्या शेतकऱ्याने काय करावे, याचा विचार त्या आदेशात नव्हता. तोवर जमा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे भरण्याची परवानगी या बँकांना मिळाली ती जून २०१७ मध्ये.

हे दुसरे दार कोणते? सुवर्णतारण आणि सूक्ष्मवित्त कंपन्या. एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने सूक्ष्मवित्त कर्जावरील व्याजाची मर्यादा काढून घेतली. दर कंपनीने ठरवावा, तो अवाजवी नसावा, एवढेच बंधन राहिले. वीस टक्क्यांहून अधिक व्याज तेथे नवलाचे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये चार वित्तकंपन्यांना नवी कर्जे देण्यास रिझर्व्ह बँकेलाच मनाई करावी लागली, कारण व्याज अवाजवी आढळले. १८७९ चा कायदा ज्या जिल्ह्यांसाठी झाला, त्यांच्या दारात सावकार आता वही न आणता यंत्रावर अंगठा घेतो, इतकाच फरक.

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. शेतीच्या मध्यम मुदतीच्या कर्जाला रेपोचा मापदंड लावणे, निदान व्यापारी बँकांपुरते, रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकाचे काम आहे. जिल्हा बँकांवर थेट कारवाईचे अधिकार तिला २०२० च्या दुरुस्तीने दिले आणि ते १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ते बुडीत कर्जाचा डोंगर होण्याआधी, संचालकांच्या संस्थांना पहिले मोठे कर्ज मंजूर होतानाच वापरले पाहिजेत. (संचालकांची सलग मुदत आठ वर्षांवरून दहा वर्षे करणारी २०२५ ची दुरुस्ती या बाबतीत उलट दिशेची वाटते.) आणि गावोगावच्या सोसायट्यांचे संगणकीकरण केंद्राने २०२२ मध्ये हाती घेतले आहे. ते पुरे झाले की कोणत्या शेतकऱ्याचा ऊस कोणत्या दिवशी तुटला, बिल कधी निघाले, कपात सोसायटीत कधी जमा झाली, हे तारखेनिशी मांडता येईल. व्याजदर ठरविणारी सहा जणांची समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसते. तिच्यापुढे येणाऱ्या आकड्यांत जेऊरच्या सोसायटीच्या या तारखा ठेवण्यास कोणता कायदा आडवा येतो?