गृहधर्म : मुक्या जीवाची चूक आणि सतरंजीची शुद्धी



पर्युषण जवळ आले की पेटीतल्या सतरंज्या बाहेर निघतात, बैठकीतला गालिचा झटकला जातो आणि सामायिकाची जागा स्वच्छ केली जाते. याच दिवसांत एक तक्रार अनेक घरांतून कानी येते, ती म्हणजे कुत्र्याने वा मांजराने गालिचा ओला केला आणि कितीही धुतले तरी वास जात नाही. हा विषय क्षुल्लक वाटेल. माझ्या माहेरी त्याने आम्हा सर्वांची परीक्षा पाहिली, म्हणून तो येथे घेतला आहे.

माझे माहेर आलापल्लीचे. पुढे दुकान, मागे घर. भोवती सागाचे दाट अरण्य. त्यातला ‘वनवैभव’ नावाने जपलेला जुन्या सागाचा भाग आज जैवविविधता वारसा स्थळ आहे. आषाढापासून भाद्रपदापर्यंत तिथे हवेत इतका ओलावा असतो की दोरीवरचे धोतर दोन-दोन दिवस वाळत नाही. अशा घरात चौदा वर्षे दुकानाची राखण केलेला मोती म्हातारा झाला आणि त्या वर्षी श्रावणात सतरंजीवरच लघवी करू लागला. दर संध्याकाळी त्याच सतरंजीवर घरचे प्रतिक्रमण होई. दादा त्रासला, भाभी धुऊन धुऊन थकली. माहेरपणाला आलेल्या मी शहाणपणाने सुचविले, “दुपारनंतर त्याला पाणी देऊ नका आणि रात्री अंगणात बांधा.”

दादाने दुसरी गोष्ट तत्काळ नाकारली. जंगलालगतच्या गावात कुत्रा रात्री बाहेर बांधणे म्हणजे त्याला बिबट्याच्या तोंडी देणे, हे त्याला ठाऊक होते. पहिली सूचना मात्र सर्वांना पटली आणि मोतीचे भांडे दुपारनंतर रिकामे राहू लागले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रतिक्रमणात पहिल्या अणुव्रताचे अतिचार आले : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. ही नावे लहानपणापासून तोंडपाठ. पण पाचवे उच्चारताना दाराशी जीभ बाहेर काढून बसलेल्या मोतीकडे माझी नजर गेली आणि पुढचे शब्द तोंडातून नीट निघेनात. प्रतिक्रमण पूर्ण झाल्यावर आई काही न बोलता उठली, तिने पाणी गाळले आणि भांडे भरून त्याच्यापुढे ठेवले. तो कितीतरी वेळ पीत राहिला.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांना दाखविले. त्याची मूत्रपिंडे क्षीण झाली होती. अशा प्राण्याला तहान अधिक लागते आणि लघवीही अधिक होते. त्याचे पाणी तोडणे म्हणजे दुखणे वाढविणे. ज्याला आम्ही खोड समजत होतो, तो आजार होता.

म्हणून पहिली सूचना हीच. घर स्वच्छ ठेवणारा प्राणी अचानक आत लघवी करू लागला, तर आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार वा वार्धक्य यांपैकी काहीही असू शकते. नर मांजर वारंवार बसून जोर करीत असेल आणि लघवी होत नसेल, तर एक रात्रही थांबू नये. मार्ग अडल्यास जीव जातो.

आता सतरंजीकडे वळू.

ताज्या मूत्राला उग्र वास नसतो. त्यातील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि मग दुर्गंध सुटतो. मांजराच्या मूत्रात गंधकयुक्त द्रव्यही असते, म्हणून तो वास अधिक चिवट. वाळल्यावर क्षार धाग्यांत उरतात आणि दमट हवेत पुन्हा ओलावा धरतात. उन्हाळ्यात ‘गेलेला’ वास पावसाळ्यात परत येतो, तो यामुळे.

यावरून कळते की सारे यश तत्परतेत आहे. आपल्याकडे उत्सर्ग समितीत मलमूत्र विसर्जनाचाही विवेक सांगितला आहे. ती समिती साधूंसाठी असली, तरी त्यातील यतना गृहस्थानेही घ्यावी. ओल साचू दिली तर तिथे जीवोत्पत्ती वाढते. वेळीच कोरडी केली तर हिंसाही टळते आणि पाणीही कमी लागते. एका सामायिकाच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत काम उरकावे, असा नेम आम्ही घरी केला आहे.

हातमोजे घालावेत, कारण पावसाळ्यात उंदीर-कुत्र्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. जुन्या सुती धोतराच्या जाड घड्या डागावर ठेवून भार द्यावा. वाटल्यास त्यावर उभे राहावे. घासू नये, घासल्याने मूत्र खोल जाते. धोतर बदलत कोरडे लागेपर्यंत टिपावे. मग थोडे गाळलेले थंड पाणी शिंपडून, कडेकडून मध्याकडे येत पुन्हा टिपावे. गरम पाणी वा वाफ वापरू नये. उष्णतेने डाग धाग्यात पक्का बसतो. बादलीभर पाणीही ओतू नये. गालिच्याला तागाचे अस्तर असेल तर त्याचा तपकिरी रंग वर चढतो आणि नवाच डाग पडतो.

त्यानंतर अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक चमचा लिंबाचे फूल विरघळवून ते डागावर हलकेच लावावे आणि दहा मिनिटांनी टिपावे. अमोनिया क्षारधर्मी असल्याने आम्लाने त्याचा वास मारला जातो. पुष्कळ ठिकाणी यासाठी व्हिनेगर सुचवितात. ज्या घरात ते आंबवलेले म्हणून वर्ज्य आहे, तिथे किराणा दुकानातले लिंबाचे फूल तेच काम करते. आधी एका कोपऱ्यावर लावून रंग सुटत नाही ना, हे पाहावे. शेवटी साध्या पाण्याचा ओला फडका फिरवावा.

जागा जवळजवळ सुकल्यावर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवावा व सकाळी झाडावा. सोडा आणि लिंबाचे फूल एकदम टाकू नये. फेस छान येतो, पण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते केवळ खारे पाणी.

जुना डाग कुठे आहे हेच कळत नसेल, तर व्यापाऱ्याच्या घरी उपाय तयार आहे. नोटा तपासण्याचा जांभळ्या प्रकाशाचा छोटा दिवा रात्री खोलीत अंधार करून गालिच्यावर फिरवावा. वाळलेले मूत्र बहुधा फिकट पिवळसर चमकते. भोवती खडूने खूण करावी. पांढऱ्या सुती सतरंजीवर हायड्रोजन पेरॉक्साइड चालते. औषधांच्या दुकानात ते बहुधा ६ टक्क्यांचे मिळते. त्यात तेवढेच पाणी घालून वापरावे, मात्र मिश्रण बंद बाटलीत साठवू नये. रंगीत, लोकरी वा रेशमी वस्तूवर ते नको, रंग उडतो.

बाजारात एन्झाइमयुक्त द्रवही मिळतात. मूत्रातील द्रव्ये ते मुळापासून तोडतात, म्हणून जुन्या वासावर अधिक गुणकारी ठरतात. पण त्यासाठी जागा बाटलीवर लिहिलेला वेळ ओलसर राहावी लागते. काहींत केवळ एन्झाइम असते, काहींत जिवंत जिवाणू. लेबल वाचून आपल्या व्रतनियमांनुसार निर्णय घ्यावा. आम्ही टिपणे, लिंबाचे फूल आणि सोडा एवढ्यावरच भागविले आणि ते पुरले.

काय करू नये, हेही सांगते. फिनाईल टाकू नये. तो लहान जीवांचा काळ आहे आणि मांजराने पंजे चाटले तर तिलाही विषबाधा होते. ब्लीचिंग पावडर मूत्रावर टाकल्यास त्यातील अमोनियाशी संयोग होऊन विषारी वायू निघतो. शिवाय क्लोरीनने लोकर विरघळते. डांबराच्या गोळ्या पाळीव प्राण्यांना घातक असतात. अगरबत्तीने वास झाकला जातो, जात नाही; आणि प्राण्याच्या नाकाला तो येत राहतो, म्हणून तो पुन्हा त्याच जागी लघवी करतो.

सतरंजी उचलून खालची फरशीही अवश्य पुसावी. शहाबादी फरशी चुनखडीची असते व ओल शोषते. तिला लिंबाचे फूल लावू नये, आम्लाने ती खरवडते. सौम्य साबणाचे पाणी पुरे. पावसाळ्यात खरी कसोटी वाळविण्याची. ओली सतरंजी एक-दोन दिवस तशीच राहिली तर बुरशी धरते, म्हणजे पुन्हा अनंतकायाची विराधना. आईची युक्ती अशी : रिकाम्या खाटेवर सतरंजी पसरावी म्हणजे वरून-खालून वारा लागतो, पंखा पायथ्याशी लावावा आणि ऊन डोकावले की ती खाटेसकट अंगणात न्यावी.

मोती त्यानंतर आठ महिने जगला. दादा रात्री निजण्यापूर्वी आणि पहाटे दुकान उघडण्याआधी त्याला कंदील घेऊन बाहेर फिरवी. निजण्याच्या जागी प्लास्टिकवर जुन्या धोतरांच्या घड्या घातल्या होत्या. त्या रोज बदलल्या जात. पाण्याचे भांडे मात्र पुन्हा कधी रिकामे राहिले नाही. ती सतरंजी आजही माहेरी आहे. तिच्यावर एका कोपऱ्यात फिकट डाग उरला आहे; वास मुळीच नाही.

संवत्सरीला आपण ८४ लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. त्या वर्षी ती मागताना माझ्यासमोर एकच जीव होता. यंदा आपल्या घरी असा म्हातारा सोबती असेल, तर सतरंजी झटकण्याआधी त्याचे भांडे पाहावे, ही विनंती.

मिच्छामि दुक्कडम्.