तलाव खासगी, ऊब कोणाची?

जर्मनीत स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे मध्यंतरी पत्र आले. घरामागे त्याने पोहण्याचा तलाव बांधून घेतला आहे आणि त्याला लागून गरम पाण्याचे छोटे कुंड, ज्याला तिकडे स्पा म्हणतात. पाणी गॅसने तापवावे, विजेने, हीट पंपाने की उन्हाने, एवढा हिशेब करून द्या सर, अशी त्याची मागणी. कार्यकर्त्यांच्या साप्ताहिकात सुखवस्तूंच्या तलावाची चर्चा कशाला, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दुर्मिळ साधनांचे वाटप हाच ज्या शास्त्राचा विषय, त्याचा इतका स्वच्छ धडा मला वर्गात क्वचितच सापडला होता.

प्रथम हिशेब. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद व दीड मीटर खोल तलावात ४८,००० लिटर पाणी मावते. ते एका अंशाने तापविण्यास सुमारे ५६ युनिट उष्णता लागते. १६ अंशांवरून २८ वर न्यायचे तर सुमारे ६७०. विजेचा साधा हीटर तेवढीच वीज खाईल. गॅसच्या बंबाची थोडी उष्णता धुराड्यातून जाते, तेव्हा इंधन त्याहून जास्तच. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. हवा उबदार असेल तर एका युनिट विजेत तो चार-पाच युनिट ऊब देतो, थंडीत त्याची शक्ती ओसरते. शिवाय तो सावकाश. दहा किलोवॉट उष्णता देणाऱ्या पंपाला या कामासाठी जवळजवळ तीन दिवस लागतील. उन्हाचा मार्ग याहून साधा आहे. तलावाला कढत पाणी नको असते, त्यामुळे पुण्यातल्या गच्च्यांवर दिसतात तसल्या काचेच्या नळ्यांची गरज नाही. छपरावर पसरलेल्या काळ्या प्लास्टिकच्या नळ्यांतून तलावाचेच पाणी फिरविले की भागते. जागा मात्र तलावाच्या निम्म्यापासून पूर्ण क्षेत्रफळाएवढी हवी.

आणि या सर्वांच्या आधी झाकण. उघड्या तलावाची बहुतांश उष्णता बाष्पीभवनाने जाते. एक लिटर पाणी वाफ होऊन गेले, की ५८० लिटर पाणी एका अंशाने निवते. झाकणाशिवाय बंबांची तुलना करीत बसणे म्हणजे फुटक्या रांजणासाठी रहाट निवडणे होय.

कुंडाची गोष्ट निराळी. दीड हजार लिटर पाणी १५ वरून ३८ अंशांवर न्यायला ४० युनिट पुरतात, पण मालकाला ती तासाभरात हवी असतात. गॅसचा मोह पडतो तो येथे. अधीरतेचे इंधन नेहमीच महाग.

येथवरचे गणित कोणताही विक्रेता करून देईल. त्याच्या कागदावर नसतो तो भाग असा. २०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचा गॅस आटला, तेव्हा जुलैमध्ये हानोवर शहराने सार्वजनिक तरणतलावांवरील गरम पाण्याचे शॉवर बंद केले. कामगाराचे मूल थंड पाण्याने अंग धुवत असताना खासगी तलाव गॅसवर ऊन ठेवायचा काय? जर्मन सरकारने १ सप्टेंबरपासून गॅसने किंवा जाळ्यातील विजेने खासगी तलाव तापविण्यास मनाई केली. ती १५ एप्रिल २०२३ रोजी संपली. हे निव्वळ प्रतीक आहे, त्याने किती गॅस वाचणार, असा आक्षेप घेता येईल. मला तो पटत नाही. टंचाईचा भार वरच्या मजल्यावरही पडतो हे दिसले नाही, तर खालच्या मजल्यावरचा माणूस काटकसर कोणत्या विश्वासाने करील? माझी तक्रार उलट आहे: भाव उतरले तशी मनाईही गेली, जणू बाजारभाव हाच टंचाईचा एकमेव पुरावा.

पोहण्याला माझा विरोध नाही. पासष्टीच्या सांध्यांना तेवढाच व्यायाम सोसतो. म्हणून विद्यार्थ्याला लिहिले: आधी झाकण, मग छपरावरचे ऊन, उणीव राहिलीच तर उन्हाळ्यापुरता लहान हीट पंप, कुंडावर जाड झाकण आणि पाहुणे येतील त्या दिवशीच विजेचा हीटर. गॅसची जोडणी घेऊ नये. पत्राच्या शेवटी एक प्रश्नही विचारला आहे, त्याच्या गावच्या नगरपालिकेच्या तलावाचे यंदाचे वेळापत्रक त्याने पाहिले आहे काय? उत्तर अजून यायचे आहे.