विज्ञानकथांच्या मासिकाची वर्गणी भरायचीय, पण मराठीत ती भरायची कुणाकडे?

वाशिंदहून दादरला लोकलने जायला जवळपास दीड तास लागतो. एवढ्या वेळात एक विज्ञानकथा आरामात वाचून होते. रोज असा प्रवास करणाऱ्या एखाद्या वाचकाने ठरवलं, की आता विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या मासिकाची वर्षभराची वर्गणी भरायची, दर महिन्याला अंक घरी येऊ द्यायचा, तर पैसे कुठे भरायचे?

इंग्रजीत उत्तर लगेच मिळतं. ‘अ‍ॅनालॉग’ १९३० पासून, ‘द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन’ १९४९ पासून, ‘असिमोव्ह्ज’ १९७७ पासून निघतंय. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ २००६ मध्ये इंटरनेटवरच सुरू झालं. बंगालीत तर १९६३ मध्ये अद्रीश बर्धन यांनी ‘आश्चर्य’ काढलं. ते भारतातलं पहिलं विज्ञानकथा मासिक मानलं जातं.

मराठीत मात्र गाडी दिवाळी अंकांवर येऊन थांबते.

मराठीत विज्ञानकथा नाहीत का?

आहेत, आणि भरपूर आहेत. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही सुरुवातीच्या मराठी विज्ञानकथांमध्ये गणली जाते. ती १९१५ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकात आली. याच ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला होता.

पण मासिक काय करू शकतं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण १९७४ चं आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली आणि तिला बक्षीस मिळालं. ते नाव खोटं होतं. कथा लिहिणारे होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती.

ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तिचा पुढचा भाग क्वचित सांगितला जातो. बक्षिसानंतर ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी नारळीकरांकडे कथा मागितली. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या प्रकारच्या लेखनाची दखल घेतली. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आला. आधी स्पर्धा, मग मासिक, मग पुस्तक. मधली पायरी असणारं मासिक घरोघरी जायचं, कारण त्याला वर्गणीदार होते. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले, तेव्हा ‘कृष्णविवर’ची आठवण सगळ्यांनी काढली. मुकुंदरावांच्या त्या मागणीबद्दल फार कुणी बोललं नाही.

अद्भुताला वाहिलेलं नियतकालिकही मराठीत होतं. अनंत अंतरकर यांच्या ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ या तिघांपैकी ‘नवल’ विलक्षण आणि गूढ कथांसाठी ओळखलं जायचं. पुढे तेही दिवाळी अंकापुरतं उरलं. ‘धनंजय’ची ओळखही रहस्य, भय आणि विज्ञानकथांचा दिवाळी अंक अशीच आहे.

मग दिवाळी अंक घेतला की झालं ना?

फरक पैशाच्या वाटेत आहे. दिवाळी अंकाचा खर्च मुख्यतः जाहिरातींवर निघतो. वाचक विकत घेतो तेव्हा अंक छापून झालेला असतो. वर्गणीदाराचं उलटं असतं. तो न छापलेल्या बारा अंकांचे पैसे आधीच देतो, आणि त्या भरवशावर संपादक अनोळखी लेखकाची कथा घेऊ शकतो. वर्षातून एकच अंक काढणाऱ्याला असा धोका पत्करणं जड जातं. मुखपृष्ठावर ओळखीची नावं हवीच असतात.

अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने व्यावसायिक मानधनाची किमान पातळी शब्दाला ८ सेंट ठरवली आहे. म्हणजे ३,००० शब्दांच्या कथेला २४० डॉलर. ‘क्लार्क्सवर्ल्ड’च्या कथा वेबसाइटवर फुकट वाचता येतात, तरीही हजारो लोक वर्गणी भरतात, कारण हे मानधन त्यातूनच जातं.

ही व्यवस्था भक्कम आहे असं मात्र समजू नये. २०२३ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ला दोन धक्के बसले. फेब्रुवारीत एआयने लिहिलेल्या शेकडो कथा येऊन पडल्या आणि कथा स्वीकारणं काही काळ बंद करावं लागलं. त्याच वर्षी अ‍ॅमेझॉनने किंडलवरची मासिकांची वर्गणी योजना गुंडाळली. ज्यांचे बरेच वर्गणीदार तिथे होते, त्या मासिकांना ते पुन्हा एकेक करून गोळा करावे लागले. २०२५ मध्ये वर उल्लेख केलेली तिन्ही जुनी छापील मासिकं एकाच नव्या मालकाकडे गेली.

वाशिंदपर्यंत अंक यायचा कसा?

‘मु. पो. वाशिंद, ता. शहापूर, जि. ठाणे’ एवढ्या पत्त्यावर पूर्वी मासिकं येतच होती. त्यामागे टपालाची सवलत होती. नोंदणी झालेली नियतकालिकं काही पैशांत देशभर जायची. पण १८९८ च्या टपाल कायद्यात त्यासाठी दोन अटी होत्या : दोन अंकांमध्ये ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको आणि वर्गणीदारांची खरी यादी हवी. वर्षातून एकदा निघणारा दिवाळी अंक दोन्हीकडे नापास.

आता तर पर्याय आणखी कमी झालेत. स्वस्त पडणारी नोंदणीकृत बुकपोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. त्यावर ओरड झाल्यानंतर टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आणली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर. पार्सल कुठवर आलंय तेही पाहता येतं. दर चांगले आहेत. पण जाहिराती असलेलं प्रकाशन त्यात चालत नाही. ज्या जाहिरातींवर दिवाळी अंक उभा आहे, त्याच त्याला स्वस्त टपालातून बाहेर ठेवतात! उरतं कुरिअर किंवा स्पीड पोस्ट, नाहीतर दादरला उतरून पुस्तकांच्या दुकानातून अंक घेऊन येणं. रोज लोकलने जाणाऱ्याला ते जमतं. मुरबाडच्या आतल्या गावातल्या शाळकरी मुलीला जमणारं नाही, आणि विज्ञानकथेची गोडी बहुतेकांना त्याच वयात लागते.

आज काय करता येईल?

खऱ्या अर्थाने वर्गणी भरता येईल अशी एक जागा आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची ‘पत्रिका’ दरमहा निघते. तिच्यात मुख्यतः लेख असतात, अधूनमधून विज्ञानकथाही येतात. केवळ कथांची भूक त्यावर भागणार नाही, पण ‘कृष्णविवर’ला पहिलं बक्षीस देणारी संस्था हीच.

दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी हा दुसरा मार्ग. अनेक अंक दिवाळीआधी सवलतीत नोंदणी घेतात. दुकानातून नंतर घेण्यापेक्षा ही नोंदणी प्रकाशकाच्या जास्त कामाची, कारण कागद आणि छपाईच्या वेळी पैसे हातात येतात. पाच-सहा जणांनी मिळून एकाच पत्त्यावर अंक मागवले तर कुरिअरचा खर्चही वाटला जातो.

इंग्रजी मासिकं डिजिटलच घ्यावीत. छापील अंकाला परदेशी टपालखर्चच भारी पडतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेलं कार्ड लागतं. दरमहा आपोआप पैसे कापले जाण्याला रिझर्व्ह बँकेचे २०२१ पासूनचे नियम लागू आहेत आणि परदेशी साइटवर असे हप्ते बरेचदा अडकतात, म्हणून वर्षाची वर्गणी एकदम भरलेली बरी.

बंगालीत ‘आश्चर्य’ कधीच बंद पडलं. पण २०१६ मध्ये काही वाचकांनी ‘कल्पविश्व’ हे वेब-मासिक सुरू केलं आणि त्यातूनच पुढे छापील पुस्तकंही निघू लागली. ना जाहिराती गोळा करून सुरुवात, ना टपालाचा प्रश्न. मराठीत लेखक आहेत, दरवर्षीची स्पर्धा आहे, यूपीआयवर पन्नास रुपये पाठवू शकणारे वाचकही आहेत. असं वेब-मासिक चालवायला लागतो तो दर महिन्याला न चुकता अंक काढणारा संपादक, आणि पहिल्या अंकाआधीच पैसे भरणारे काहीशे लोक.