भाड्याची वखार आणि घरची अडगळ

घर तेथें माळा, आणि माळा तेथें अडगळ, हा आपल्याकडील जुना नियम आहे. माळ्यावरची वस्तु कधीं ना कधीं उपयोगी पडेल, अशी घरांतील वडील मंडळींची श्रद्धा असते. आणि ती श्रद्धा अगदींच निराधार आहे, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पितळेचें पातेलें वीस वर्षें माळ्यावर राहिलें, तरी कल्हई लावतांच तें पुन्हा चुलीवर चढतें. परंतु कापसाची गादी, रबरी तळव्यांचे बूट, बंद ठेवलेला संगणक आणि खोक्यांत भरलेलीं क्रमिक पुस्तकें यांची गोष्ट निराळी. या वस्तूंच्या उपयोगास मुदत असते. ती मुदत सरली, कीं वस्तु जाते आणि कचरा उरतो.

अलीकडे हा माळा घर सोडून बाहेर निघाला आहे. मुंबई, पुणें, बंगळूर अशा शहरांतून महिन्याच्या भाड्यानें सामानापुरत्या लहानमोठ्या खोल्या देणाऱ्या वखारी निघाल्या आहेत. 'सेल्फ स्टोरेज' या इंग्रजी नांवानें हा धंदा ओळखला जातो. सामान आपलें, कुलूप आपलें, जागा मात्र दुसऱ्याची, असा हा व्यवहार. त्याचें मूळ अमेरिकेंत आहे. तेथें १९६० नंतरच्या दशकांत त्याला आजचें रूप आलें. १९७२ सालीं कॅलिफोर्नियांत 'पब्लिक स्टोरेज' ही कंपनी निघाली. आणि आज त्या देशांत अशा वखारींची संख्या ५०,००० च्या वर असून त्यांतील भाड्याची जागा सुमारें २०० कोटी चौरस फूट भरते.

गरज खरी आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. मुंबईंतील जुनी चाळ पाडून तिच्या जागीं नवी इमारत उभी राहीपर्यंत कित्येक वर्षें लोटतात. तोंवर एका खोलीच्या बिऱ्हाडांत आजोबांचें शिसवी कपाट कोठें ठेवावें? ज्यांची बदली वारंवार होते, त्यांसही हाच प्रश्न पडतो. अशांस वखार हा मोठाच आधार होय. आमचा प्रश्न एवढाच, कीं या वखारींतून जो कचरा निघतो त्याचें काय करावें, आणि तो मुळांत निघतो तरी कां?

पहिला कचरा बांधाबांधीचा: पुठ्ठ्याचीं खोकीं, थर्माकोल, फुग्यांचें प्लास्टिक, चिकटपट्ट्या. याचा बंदोबस्त सोपा आहे. धड खोकें अनेक वेळां वापरतां येतें. म्हणून एकानें सोडलेलीं खोकीं दुसऱ्यास फुकट मिळावींत, एवढ्यासाठीं वखारीच्या दाराशीं एक फळी ठेवली, कीं बरेंच काम होतें. अमेरिकेंत 'यू-हॉल' या कंपनीनें आपल्या दुकानांतून अशीच सोय केली आहे. खोकें अगदींच फाटलें, तर त्याचा लगदा करून पुन्हा पुठ्ठा बनवितात. परंतु दर खेपेस कागदाचा तंतु आंखूड होत जातो, आणि साधारणतः पांच ते सात फेऱ्यांनंतर तो निकामी होतो. भिजलेला किंवा तेलकट पुठ्ठा घेण्यास तर रद्दीवालाही नाखूष असतो. म्हणून खोकें आधीं वापरावें, मग लगद्यास द्यावें, आणि पावसाळ्यांत तें कोरडें राखावें, हा योग्य क्रम होय. थर्माकोलांत बहुतेक भाग हवेचाच. त्याला वजन नाहीं, म्हणून त्याला गिऱ्हाईकही सहसा मिळत नाहीं. त्यापेक्षां कांचसामान जुन्या गोधड्यांत व लुगड्यांत गुंडाळण्याची आपल्या आजीबाईंची रीतच उत्तम.

दुसरा कचरा याहून मोठा आहे, आणि तो कुलपाआड तयार होतो. मुंबईच्या व कोंकणच्या दमट हवेंत बंद खोलींतील गादीस बुरशी धरते, फोमचा भुगा होतो, रबर चिकट होतें, खेळण्यांतील व घड्याळांतील विजेऱ्या पाझरून आंतील यंत्र खातात. संगणक तर न मोडतांही जुना होतो. खोली सोडण्याचा दिवस आला, कीं यांतील पुष्कळसें सामान नेण्याजोगें राहिलेलें नसतें, आणि तें वखारीच्या कचरापेटीशीं ठेवून भाडेकरू निघून जातो. अमेरिकेंत ज्याचें भाडें थकतें, त्याच्या सामानाचा कायद्यानें लिलाव होतो. घेणारा विकण्याजोगें तेवढें उचलतो, आणि उरलेल्यापैकीं बरेंचसें कचऱ्याच्या डेपोंत जातें. म्हणजे जी वस्तु कोणाच्या तरी घरीं सुखानें नांदली असती, ती आपण दरमहा पैसे मोजून कुजवितों!

विद्यार्थ्यांनीं एक हिशेब करून पाहावा. समजा, खोलीचें भाडें दरमहा २,००० रुपये आहे. तीन वर्षांचे ७२,००० रुपये झाले. आंत ठेवावयाच्या सामानाची यादी करावी, आणि प्रत्येक वस्तूपुढें दोन किंमती लिहाव्या: एक आज विकली तर येणारी, आणि दुसरी तीन वर्षांनीं येणारी. शिसवी कपाट या हिशेबांत टिकेल. गादी, सोफा आणि दूरदर्शनचा संच टिकणार नाहींत. वखारींत काय ठेवावें आणि काय ठेवूं नये, याचें उत्तर त्या दोन रकान्यांतच मिळेल.

"देऊं म्हटलें, तरी घेणार कोण?" असें कित्येक पालक म्हणतील. आपल्या देशांत घेणाऱ्या हातांची वाण कधींच नव्हती. बोहारीण आहे, रद्दीवाला आहे, भंगारवाला आहे. पुण्यांत कागद, कांच, पत्रा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ सालीं उभी राहिली. तिच्यांतूनच निघालेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करूं लागली. विजेच्या उपकरणांसाठीं केंद्र सरकारनें २०२२ सालीं नियम केले, व ते १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले. त्यांचा रोख असा, कीं हा माल नोंदणी झालेल्या ठिकाणींच मोडला जावा. हात आहेत; परंतु त्यांपर्यंत वस्तु वेळेवर पोंचली पाहिजे. धड लुगड्याला बोहारीण भांडें देते. कसर लागलेल्याला देत नाहीं.

वखारवाल्यानेंही कांहीं करावें. कॅलिफोर्नियानें २०१३ सालीं गाद्यांसाठीं एक कायदा केला. नवी गादी घेतांनाच गिऱ्हाइकाकडून थोडी रक्कम घेतात, आणि जुन्या गाद्या उसवून त्यांतील पोलाद, फोम, कापूस व लांकूड वेगळें करण्याचा खर्च तिच्यांतून भागवितात. निकाल लावण्याचा खर्च आरंभींच वसूल झाल्यामुळें, गादी गुपचूप रस्त्याकडेला टाकण्याचा मोह कमी होतो. हेंच तत्त्व वखारीस लागू करतां येईल. प्रवेशाच्या वेळीं थोडी अनामत घ्यावी, आणि खोली स्वच्छ करून देणारास ती परत द्यावी. दरवर्षीं एकदां भाडेकरूस पत्र लिहून "यांतील काय देऊन टाकावयाचें आहे?" असें विचारावें, आणि जें द्यावयाचें असेल तें नेण्यास कचरावेंचकांच्या संस्थेस ठरल्या दिवशीं बोलवावें.

तथापि येथें एक अडचण आहे, आणि ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. वखारवाल्याचा लाभ कुलूप लागून राहण्यांत आहे. खोली रिकामी करण्याची आठवण तो आपण होऊन कितपत देईल? तो दाराशीं हिरव्या व निळ्या पेट्या मांडील, विजेचे दिवे बदलील, आणि हें सर्व चांगलेंच आहे. परंतु आंतील सामानाबद्दल तो सहसा बोलणार नाहीं. तें बोलणें घरांतूनच निघालें पाहिजे. म्हणून पालकांस आमची विनंती आहे, कीं वखारींत सामान ठेवणें प्राप्तच झालें, तर प्रत्येक खोक्यावर आंतील वस्तूंचीं नांवें लिहावीं, आणि त्यांखालीं एक तारीखही लिहावी. त्या तारखेपर्यंत खोकें उघडावें लागलें नाहीं, तर तें घरीं न आणतां गरजूकडे पोंचवावें.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्याकडे वखार नाहीं, पण प्रत्येकाच्या खाटेखालीं एक छोटी वखार असतेच. गेल्या इयत्तेचीं पुस्तकें, आंखूड झालेला गणवेश आणि अर्ध्या कोऱ्या वह्या तिच्यांत पडून असतात. परीक्षा संपतांच हीं पुस्तकें दिलींत, तर जूनमध्यें दुसऱ्या एखाद्या मुलाच्या दप्तरांत तीं जातील. दिवाळींत दिलींत, तर त्यानें तोंवर तीं विकत घेतलेलीं असतील, आणि पुढें क्रमिक पुस्तक बदललें तर तीं रद्दींत जातील. पुस्तक तेंच, देणारा हात तोच. चार महिन्यांनीं मात्र त्याचें मोल जातें. यंदाच्या सुट्टीस लागण्यापूर्वीं तेवढी खाटेखालची वखार रिकामी करा.