सुपरहिरोचं घरभाडं

पेपर संपले की आमच्या हॉस्टेलवर दोनच कामं उरतात, बॅग भरणं आणि सिनेमे बघणं. बॅग शेवटच्या तासात भरली जाते, तेव्हा मधले चार दिवस कशात जातात हे रेक्टर सरांनाही ठाऊक आहे! यंदा लॅपटॉप एक आणि मतं तीन. रूम पार्टनर अक्कलकोटचा, घरी कन्नड. त्याच्या लेखी 'केजीएफ'च्या पुढे सिनेमाच नाही. पूर्व भागातला डे-स्कॉलर मित्र घरी तेलुगू बोलणारा, तो 'पुष्पा 2' घेऊन आला. मी इचलकरंजीचा, म्हणजे दोघांचं ऐकून घेणारा.

आता माझं मत ऐका. पटलं नाही तर मेसमध्ये भांडू.

'अव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर'मध्ये (2018) एका चुटकीत अर्धी जीवसृष्टी नाहीशी होते. माझं शेंगदाणे खाणं मात्र शांतपणे चालू होतं. कारण 'एंडगेम'मध्ये (2019) ती परत येते, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. 'पुष्पा 2'मध्ये (2024) हिरो मारतो आणि माणसं पतंगासारखी उडतात. शिट्ट्या मीही मारल्या, खोटं कशाला बोलू? पण सकाळी काय आठवलं? काहीच नाही! याउलट 'केजीएफ'च्या पहिल्या भागातल्या (2018) हाणामाऱ्या विसरलो, पण एका गरीब आईच्या हातून रस्त्यावर पडलेला पाव आणि त्यासाठी रॉकीने अडवलेल्या गाड्या लक्षात राहिल्या.

असं का होतं? याचं उत्तर मला आमच्या आप्पांनी दिलं.

आप्पा यंत्रमागावर कामाला आहेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीवर 'स्पायडरमॅन 2' (2004) हिंदीतून लागला होता आणि ते रात्रपाळीला जाण्याआधी जेवत होते. उडण्या-बिडण्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. पण सुरुवातीलाच पीटर पार्करला पिझ्झा पोचवायला उशीर होतो आणि नोकरी जाते. घरमालक भाड्यासाठी मागे लागलेला. कॉलेजात मार्क घसरले म्हणून सर बोलतात. आप्पा घास हातात धरून म्हणाले, "मग ह्यानं घरात सांगितलं का न्हाई?"

मी गप्प. माझा एम-थ्री राहिला होता आणि मीही घरात सांगितलं नव्हतं.

पुढे तो भरधाव ट्रेन अंगाच्या बळावर थांबवतो आणि बेशुद्ध पडतो. चेहऱ्यावर मुखवटा नाही. डब्यातले लोक त्याला हातांवर झेलून आत घेतात. बघतात तर काय, साधा पोरगा! जेवण कधीच झालं होतं, तरी आप्पा उठले नव्हते. त्या रात्री त्यांना पाळीला उशीर झाला. मी चौकापर्यंत सोबत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, "परत बस. पण सांगत जा."

तुम्ही म्हणाल, कोळ्याच्या धाग्याने ट्रेन थांबते होय? याचं गणित इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या फिजिक्सच्या विद्यार्थ्यांनी मांडलं. ट्रेन थांबवायला सुमारे 3 लाख न्यूटन बल लागतं, आणि काही कोळ्यांचं खरं रेशीम त्या धाग्याच्या तोडीचं चिवट असतं. म्हणजे धागाही पटला. पण मला त्याच्या आधी घरभाडं पटलं होतं!

मल्याळम 'मिन्नल मुरली' (2021) म्हणूनच आवडला. वीज पडते ती गावातल्या शिंप्यावर. त्याच वेळी चहाच्या टपरीवर राबणाऱ्या दुसऱ्यावरही पडते. एक हिरो होतो, दुसरा व्हिलन. शक्ती दोघांनाही मिळते, फरक आहे तो गावाने कुणाला कसं वागवलं याचा. एवढं साधं कोडं हॉलिवूडला का पडत नाही?

आणि मराठीत? 2015 मध्ये श्रेयस तळपदेचा 'बाजी' आला होता, मुखवटा घातलेला आपला हिरो. 2023 मध्ये 'स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' मराठीतूनही प्रदर्शित झाला, त्यात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडरमॅनही आहे. चांगलंच झालं. पण डबिंग म्हणजे दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जेवणं. आपली चूल कधी पेटणार? चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या सोलापुरात धाग्याला तोटा आहे का? हिरो आठवड्याच्या पगाराची वाट बघणारा असावा, त्याचा एक विषय राहिलेला असावा, आणि जग वाचवून आल्यावर त्याला कुणीतरी "जेवलास का बे?" असं विचारणारं असावं.

डे-स्कॉलर म्हणतो, "असला पिक्चर कोण बघणार बे?"

आमचे आप्पा बघतील. पाळीला उशीर झाला तरी.